पंचांगातले कार्ड आणि दोन शिक्के

घराला रंग द्यायचा म्हटला की आधी माळा रिकामा करावा लागतो. आमच्या भालकीच्या घरी माळा रिकामा करणे म्हणजे दोन दिवसांचे काम. तांब्यापितळेची भांडी, मोडका पाळणा, जात्याचा खुंटा, आणि एका पत्र्याच्या पेटीत सोलापूरच्या दाते पंचांगांची चळत. सासऱ्यांच्या वडिलांना पंचांगे टाकवत नसत. दरवर्षीचे पंचांग वर्ष संपले की पेटीत जाई. त्यातले शके १८७० चे पंचांग मी झटकले आणि एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड खाली पडले.

शके १८७० म्हणजे १९४८. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे साल वेगळे सांगावे लागत नाही.

माझे माहेर कलबुर्गीकडचे, कानडी. मराठी मी सासरी येऊन शिकले, त्यामुळे कार्ड हातात धरून मी आधी मुलाला हाक मारली, मग नवऱ्याला, शेवटी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना. तिघांनाही ते वाचता आले नाही. मजकूर मोडीत होता. पत्ता अर्धा उर्दूत, अर्धा देवनागरीत. शिक्के उर्दूत. मराठी घरात आलेले मराठी पत्र, आणि घरातल्या एकालाही त्यातली ओळ लागेना! अण्णांचे शिक्षण उर्दूत सुरू झाले, मग पोलीस ॲक्शननंतर मराठी आणि १९५६ नंतर कानडी शाळा. मोडी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. देवनागरीतल्या पत्त्यावरचे नाव मात्र त्यांनी लगेच ओळखले. ते त्यांच्या वडिलांचे होते.

"कुणाचं असेल हो, अण्णा?" मी विचारले.

"आदिलाबादचं नसावं," ते म्हणाले आणि उठून गेले.

आदिलाबादचा विषय निघाला की अण्णा उठून जातात, हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे. आजोबांचे धाकटे भाऊ, नानाकाका, आदिलाबादला सरकीच्या गिरणीत दिवाणजी होते. दर पितृपक्षात सर्वपित्रीला ते भालकीला येत आणि दोघे भाऊ मिळून वडिलांचा महाळ घालत. १९४८ साली ते आले नाहीत. येणार नाही असा निरोप नाही, तिकडे बरे आहे की वाईट याची चौकशी नाही. आजोबांनी एकट्याने पान वाढले आणि त्या दिवसापासून भावाचे नाव घरात घेतले नाही. दोन्ही भाऊ गेले, त्यांच्या बायका गेल्या, तरी येणेजाणे सुरू झाले नाही. लग्नपत्रिका गेल्या नाहीत, आल्या नाहीत. अण्णा तेव्हा सात वर्षांचे होते. काका येतील म्हणून आपण वेशीपर्यंत जाऊन उभे होतो, एवढे त्यांनी एकदाच मला सांगितले.

म्हणून कार्ड कुणाचे, कुठून आणि मुख्य म्हणजे कधीचे, हा आमच्या घरी नुसत्या कुतूहलाचा प्रश्न राहिला नाही.

आधी शिक्के पाहू म्हटले. कार्डावर दोन गोल ठसे होते, एक छापील तिकिटावर, दुसरा पत्त्याच्या बाजूला. तिकीट निजाम सरकारचे. हैदराबाद संस्थानची स्वतःची टपाल व्यवस्था होती आणि १८६९ पासून तिकिटेही स्वतःची. १९३१ च्या चित्रमालिकेत चारमिनार होता तसा बारा आण्यांच्या तिकिटावर आपल्या बिदरचा महमूद गवानचा मदरसा होता आणि रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. आमच्या मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बारा आण्याचं तिकीट कोण लावत असेल?" खरेच, बारा आणे तेव्हा थोडे नव्हते. तेही हाली बारा आणे. कलदार सहा रुपये म्हणजे हाली सात, हा हिशेब अण्णांना अजून तोंडपाठ आहे.

ही तिकिटे फक्त संस्थानाच्या हद्दीत चालत. सोलापूरला किंवा पुण्याला पत्र टाकायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट लागे आणि त्यासाठी संस्थानात रेल्वे स्टेशनांवर, छावण्यांत वेगळी इंग्रजी पोस्ट ऑफिसे होती. आमच्या कार्डावर एकट्या निजामाचे तिकीट. म्हणजे कार्ड संस्थानाच्या आत लिहिले गेले आणि आतच पोचले. पहिला धागा एवढा मिळाला. पण संस्थान केवढे! औरंगाबादपासून रायचूरपर्यंत आणि बिदरपासून वरंगळपर्यंत.

पुढचे वाचायला उर्दू जाणणारा माणूस हवा होता. बिदरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे आम्ही कार्ड घेऊन गेलो. त्यांनी खिडकीशी बसून भिंग लावले आणि पहिल्यांदा काय केले असेल, तर कार्ड उलटे धरून पाहिले. मला हसू आले, पण कारण नंतर कळले. उर्दू आकड्यांत सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. गोल शिक्का कुठल्याही अंगाने बसलेला असतो. ठसा सुलटा आहे की उलटा हे ठरल्याशिवाय सातचे आठ होतात आणि पत्राचे एक वर्ष इकडचे तिकडे होते.

तिकिटावरच्या शिक्क्यात गावाच्या नावाचा शेवट स्पष्ट होता, 'आबाद'. आता आपल्या जुन्या संस्थानात 'आबाद' कमी आहेत का? हैदराबाद, औरंगाबाद, निजामाबाद, उस्मानाबाद, आदिलाबाद, आसिफाबाद, आणि अगदी शेजारचे आपले हुमनाबाद. नावाचा पहिला भाग घासला गेला होता. पण मास्तरांनी सुरुवातीचे अक्षर धरले. ते म्हणाले, देवनागरीत आदिल आणि आसिफ दोन्ही 'आ'ने सुरू होतात, उर्दूत तसे नाही. आसिफ अलिफने सुरू होतो, आदिल ऐनने. इथे ऐनचा आकडा दिसतो आहे. म्हणजे आसिफाबाद बाद झाले, औरंगाबादही अलिफचे, तेही गेले. राहिली ऐनवाली दोन, आदिलाबाद आणि उस्मानाबाद. उस्मानमध्ये वर तीन नुक्ते असतात आणि पुढे नूनचा एक. आदिलमध्ये एकही नुक्ता नाही. ठशात वरच्या अंगाला ठिपका नव्हता आणि लामची उभी रेघ मात्र चांगली जाणवत होती.

"आदिलाबाद," मास्तर म्हणाले. मी अण्णांकडे पाहिले नाही.

एदलाबाद हे त्या गावाचे जुने रूप. विजापूरच्या अली आदिलशहावरून ते पडले असे सांगतात. म्हणजे नाव आपल्या कानडी मुलखातून गेलेले, वस्ती मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्यांची, कारभार उर्दूत. खानदेशातही एक एदलाबाद होते, त्याचे आता मुक्ताईनगर झाले. जुनी पत्रे चाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण नाव सारखे असले तरी ते एदलाबाद इंग्रजी मुलखातले आणि त्याचे तिकीट वेगळे.

शिक्क्यावरून गाव ओळखण्याचा हा खटाटोप जगभर चालतो. टपालाच्या तारखेचा पहिला शिक्का इंग्लंडात १६६१ साली हेन्री बिशप याने काढला. पत्रे उशिरा पोचतात अशी ओरड होती म्हणून. त्यात महिना आणि दिवस होता, साल नव्हते! स्पेनमध्ये १८५० ला तिकिटे आली तेव्हा ती रद्द करायला जो ठसा वापरीत, तो दिसायला कोळ्यासारखा. त्याला ते कोळीच म्हणतात. पुढे १८५८ च्या सुमारास बैलगाडीच्या चाकासारखा ठसा आला. चाकाच्या मध्यभागी फक्त आकडा. एक असेल तर माद्रिद, दोन असेल तर बार्सिलोना. गावाचे नाव नाहीच. तिथल्या नातवंडांना निदान आकड्यांची यादी तरी मिळते. आपल्याकडे मास्तर शोधावा लागतो.

साल वाचले गेले १३५७. हे फसली साल. फसल म्हणजे पीक. शेतसाऱ्याच्या सोयीसाठी चाललेली ही कालगणना निजामाच्या कारभारात शेवटपर्यंत होती. महिने इराणी नावांचे, आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे आबानपर्यंत बारा. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई. आपल्या घरांतल्या जुन्या सातबाऱ्यांवर, जन्मदाखल्यांवर ही नावे अजून सापडतात, म्हणून हिशेब सांगून ठेवते. आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर फसली सालात ५९० मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे पसरलेले.

आणि इथेच गाडी अडली. शिक्क्यातला दिवस आणि महिना पुसलेला. मोडीतल्या मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने तारीख घातली होती, ती लातूरच्या एका मोडी जाणकारांनी वाचून दिली, '२२ आ', आणि पुढे कसरीने खाल्लेले भोक. 'आ'वरून महिना कोणता? पहिला महिना आजूर आणि शेवटचा आबान. दोन्ही 'आ'चे! २२ आजूर १३५७ म्हणजे १९४७ च्या ऑक्टोबरची अखेर. २२ आबान १३५७ म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरची अखेर, १७ सप्टेंबरनंतर दहा दिवसांनी. साल एकच आणि अंतर अकरा महिन्यांचे.

मोडी वाचल्यावर मजकूर असा निघाला:

'तीर्थरूप दादांचे सेवेशी शि. सा. न. वि. वि. येथील मंडळी सुखरूप आहेत. आपणाकडील खुशाली कळत नसल्याने चित्तास चैन नाही. गाड्यांचा भरवसा नाही, सबब सर्वपित्रीस बाबांचे महाळास येणे होत नाही. राग नसावा. येथेच पान वाढतो. वहिनी व मुलांची खुशाली उलट टपाली कळवावी.'

अण्णांनी हे दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "हे आधीच्या वर्षीचं असेल. तेव्हाही धामधूम होतीच."

माणूस सत्तर-पंच्याहत्तर वर्षे एक राग सांभाळतो, तो एका कार्डाने कसा सोडेल? मला त्यांचे म्हणणे खोडायचे नव्हते, पण खरे काय ते कळायला हवे होते. कार्ड १८७० च्या पंचांगात सापडले हा पुरावा अण्णांना मान्य नव्हता. कागद कुणी कुठेही खुपसतो, म्हणाले. तेही खरेच.

मग आम्ही पंचांगच उघडले. १९४८ साली सर्वपित्री अमावस्या ऑक्टोबरच्या दोन तारखेच्या आसपास होती. २२ आबानला, म्हणजे २७ सप्टेंबरच्या सुमारास, पितृपक्ष चालू होता आणि सर्वपित्री चार-पाच दिवसांवर. आता १९४७ पाहू. त्या साली अधिक श्रावण आल्यामुळे सण उशिरा गेले, तरी सर्वपित्री १४ ऑक्टोबरला होऊन गेलेली. २२ आजूरला कोजागिरी तोंडावर होती. झालेल्या महाळाला 'येणे होत नाही' असे कोण लिहील? आणि शिक्क्यातला सात हा आठ धरून १३५८ मानले तर? २२ आजूर १३५८ म्हणजे ऑक्टोबर १९४८ ची अखेर, तेव्हा दसराही उरकलेला. २२ आबान १३५८ म्हणजे सप्टेंबर १९४९ ची अखेर, त्या साली तेव्हा नवरात्र बसलेले होते. चारपैकी एकच तारीख जमत होती.

तरी अण्णा गप्पच. तेव्हा मास्तरांनी फोन करून सांगितले की दुसऱ्या शिक्क्याचा फोटो नीट काढून पाठवा. तो भालकीचा पोचेचा शिक्का होता. मुलाने युक्ती केली, खोलीत अंधार करून टॉर्च कार्डाच्या कडेने आडवी धरली. शाई गेली असली तरी हातोडीचा दाब कागदावर राहतो, तो तिरप्या उजेडात वर आला. त्यात निघाले, '५ आजूर १३५८'.

पहिल्यांदा मी चरकले. १३५७ ला टाकलेले कार्ड १३५८ ला पोचले, म्हणजे वर्ष लागले की काय! पण वर्ष बदलले होते ते मधल्या आठवड्यात. आबान संपला आणि नव्या सालाचा आजूर लागला. आदिलाबादहून २७ सप्टेंबरच्या सुमारास निघालेले कार्ड भालकीला १० ऑक्टोबर १९४८ च्या सुमारास पोचले. तेरा-चौदा दिवस. त्या दिवसांत मुदखेडपासून इकडे कुठली गाडी धावत होती आणि कुठला रस्ता मोकळा होता, हे आठवणाऱ्यांना तेरा दिवस जास्त वाटणार नाहीत. तोवर सर्वपित्री होऊन आठवडा झाला होता. दसरा दोन दिवसांवर होता.

सात आणि आठ, दोन्ही आकडे दोन शिक्क्यांत शेजारी आल्यामुळे उलट्या-सुलट्याची शंकाही मिटली. अण्णांनी भिंग मागून घेतले. बराच वेळ दोन्ही ठसे पाहिले.

"म्हणजे निरोप आला होता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मग बाबांनी वाचला नाही का?"

याचे उत्तर कुठल्या शिक्क्यात नाही. आजोबांना मोडी येत होती. कार्ड त्यांच्या हाती पडले आणि राग आधीच झाला म्हणून पंचांगात ठेवून दिले, की अक्षरओळख नसलेल्या अज्जींनी टपालवाल्याकडून घेतले आणि 'कागद आहे, राहू दे' म्हणून त्यात खुपसले? मला दुसरे खरे वाटते. अण्णा पहिल्याकडे झुकतात. आपल्या वडिलांना ते माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

आदिलाबादचा नंबर मिळवायला आठ दिवस लागले. नानाकाकांचा मुलगा, अण्णांच्याच वयाचा, तिकडेच आहे. मराठी बोलतो, पण मध्ये मध्ये तेलुगू येते, जशी आमच्याकडे कानडी येते. अण्णांनी फोन कानाला लावला आणि नाव सांगितले. पलीकडे शांतता. मग तिकडून पहिले वाक्य आले ते असे, "आमच्या बाबांनी कार्ड टाकलं होतं. तुमच्याकडून उत्तर आलं नाही."

म्हणजे तिकडेही तोच राग, तितकाच जुना. फक्त त्यांच्या बाजूने तो 'उत्तर नाही' असा होता.

अण्णा म्हणाले, "कार्ड आलं. परवा वाचलं."

नंतर ते दोघे काय बोलले मला नीट कळले नाही, कारण अण्णा फोन घेऊन मागच्या पडवीत गेले. पाऊण तासाने आले तेव्हा चहा गार झाला होता. म्हणाले, "नोडवा, त्याला पण आठवतं. तो सांगतो, बाबांनी तिथं पान वाढलं तेव्हा कावळाच शिवेना."

१९५६ च्या १ नोव्हेंबरला आमची भालकी म्हैसूर राज्यात गेली, आदिलाबाद आंध्रात. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, नांदेडचे मुधोळ तालुक्यासह आदिलाबादेत आले. आमचे उदगीरचे नातेवाईक महाराष्ट्रात राहिले. २०१४ ला तेलंगणा झाले आणि २०१६ ला त्या एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार झाले. निजामाचे टपाल तर १९५० च्या १ एप्रिललाच भारतीय टपालात मिसळले. एवढ्या सगळ्यात दोन भावांची घरे तीन राज्यांच्या कोपऱ्यांत विखुरली आणि भांडण मात्र एकाच जागी राहिले.

घरोघरी अशी कार्डे असतील, म्हणून थोडे सांगते. तिकीट सोडवू नका, वाफ देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. तिकिटाइतकाच पोचेचा शिक्का महत्त्वाचा, तो बहुधा मागे किंवा पत्त्याच्या कडेला असतो. पुसट शिक्क्यावर पेन्सिल फिरवण्याचा मोह अजिबात नको. आमच्या शेजारणीने तसे केले आणि असलेलेही गेले. तिरपा उजेड आणि मोबाइलचा फोटो पुरतो. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याकडे उद्या जाऊ म्हणू नका.

अण्णांनी फोनवर सगळे बोलून झाले तरी मला पोस्टकार्ड आणायला लावले. 'उलट टपाली' म्हटले आहे ना, मग टपालानेच गेले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मजकूर देवनागरीत चार ओळींचा आहे, मी वाचला नाही. पत्ता मला घालायला सांगितला. पिनकोड ५०४००१. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला मिळाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे, मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. नानाकाकांच्या वेळी तो असता तर निदान 'आबाद' कोणते यावर आमचे दोन दिवस गेले नसते.

कार्ड पेटीत न टाकता मी खिडकीवर दिले आणि शिक्का जरा नीट उमटवा म्हटले. खिडकीतल्या पोराने वर पाहिले. "याक री, अक्का?"

मी म्हटले, "हागे." त्याने शाईवर दोनदा ठोकून शिक्का मारला. तारीख स्पष्ट उमटली.